धाकाला इंग्रजीत काय म्हणतात

आमच्या घरात रोज कोणी ना कोणी मरत असे. दूध उतू गेलं की आई म्हणायची, मेली मी. भावाला अंघोळीला वेळ लागला की ती दारावर थाप मारून विचारायची, आतच मेलास का रे? मी जळगावला कॉलेजच्या होस्टेलवर होते तेव्हा एखाद्या दिवशी फोन राहिला, तर दुसऱ्या दिवशी तिचा पहिला प्रश्न ठरलेला: “मरी गयथी का वं?” म्हणजे, मेली होतीस का गं? मी म्हणायचे, नाही मेले, भाजी काय केलीस? यात कोणालाच काही वावगं वाटत नसे.

नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, एकच वाक्य होतं. “तंगडं तोडी टाकसू.” तंगडं तोडून टाकीन. धुळ्याला देवपुरात आमचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी शेतकरी घेऊन येतात आणि नाना त्यांतली जळकी तार उपसून नवी भरतात. दिवसभर घणाच्या आणि ग्राइंडरच्या आवाजावर बोलायची सवय, त्यामुळे घरातही त्यांचा आवाज तीन घरं ऐकू जायचा. गच्चीच्या कठड्यावर बसले, तंगडं. उन्हात स्कार्फ न बांधता गाडी काढली, तंगडं. फिजिक्सला कमी मार्क पडले तरी तंगडंच. फिजिक्सचा आणि तंगड्याचा काय संबंध, हे विचारायची कोणाची टाप नव्हती.

नानांनी आयुष्यात कधी आमच्यावर हात उगारला नाही, हे मी कोणत्याही देवळात सांगायला तयार आहे. गरजेल तो पडेल काय, असं आईच म्हणायची. पण त्यांच्या गाडीचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की आम्ही दोघं भावंडं टीव्ही बंद करून पुस्तकं उघडायचो, कधी कधी उलटी. शेजारच्या अक्का कौतुकाने म्हणायच्या, पोरांना बापाचा धाक आहे हो. आईला ते ऐकून बरं वाटायचं.

पुढे मी इलेक्ट्रिकलचं शिकायला इंग्लंडला गेले, उत्तरेकडच्या एका गार गावात. नानांना कोण आनंद! मोटारी भरणाऱ्याची पोरगी मोटारी बनवणार, असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. मी मात्र पहिल्याच आठवड्यात घाबरले, आणि कारण सांगितलं तर हसाल. तिथे कोणी ओरडत नव्हतं. मी जिन्यात एकाच्या अंगावर कॉफी सांडली तर तोच मला सॉरी म्हणाला. वर्गात उशिरा गेले तर सर हसून म्हणाले, आलीस, बरं झालं. आमच्याकडे कसं, चूक झाली की समोरचा आधी ओरडतो, आपण मान खाली घालतो, तो पाणी पितो आणि विषय संपतो. तिथे विषय संपतच नसे. तो गोड माणूस मनात काय धरून बसलाय, याचा विचार करत मी रात्र काढायचे. कोण रागावलंय हेच कळेना, मग मी सगळ्यांनाच घाबरायला लागले.

आणि मग लॅबमधली मोटार जळाली. माझ्या हातून.

झालं असं, की जोडणी मी बरोबर केली होती, पण एका वायरचा नट पुरता आवळला गेला नव्हता. माझं उजवं मनगट पूर्ण वळत नाही. का वळत नाही ते पुढे सांगते. नट ढिला राहिला, तीनपैकी एक फेज गेला, आणि मोटार दोन फेजवर कण्हत राहिली. वास आला. आता बघा माझी अक्कल. तारेवरचं वार्निश जळल्याचा तो वास नाकात शिरला आणि मी घाबरायच्या ऐवजी खूश झाले. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा घरचा वास आला होता. मी डोळे मिटून आमच्या देवपूरच्या दुकानात उभी होते, तेवढ्यात लॅबच्या साहेबांनी धावत येऊन स्विच बंद केला.

मी ओरडा खायला मान खाली घालून उभी राहिले. साहेब म्हणाले, होतं असं, तुला लागलं नाही ना? बिघाड झाला की वीज तोडणारी रिले वेळेवर पडायला हवी होती, चूक आमचीही आहे. बस, एवढंच. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी हसले आणि घरात जे बोललं असतं तेच इंग्रजीत करून टाकलं. म्हटलं, मेले मी. माझ्या वडिलांना कळलं तर ते माझे पाय तोडतील आणि मला अंगणात जिवंत गाडतील, आणि पुढच्या महिन्यात भावाच्या लग्नाला मला घरी जायचंच आहे.

देवपुरात यावर चार माणसं हसली असती. तिथे कोणीच हसलं नाही. साहेबांचा चेहरा पांढरा झाला, म्हणजे होता त्याहून.

त्याच दुपारी मला बोलावणं आलं. विद्यार्थ्यांची काळजी घेणाऱ्या खात्यातल्या एक बाई होत्या, पांढऱ्या केसांच्या, फार हळू बोलणाऱ्या. छोटीशी खोली, दोन मऊ खुर्च्या, मधल्या टेबलावर टिश्यूचा डबा. आमच्याकडे माणूस कुठेही रडून घेतो. तिथे रडायला वेगळी खोली होती. बाईंनी दार लावलं आणि पहिलं वाक्य म्हणाल्या, तू कसल्याही अडचणीत नाहीस. ऑफिसात बोलावून, दार लावून कोणी असं म्हणालं तर आमच्या भागातला माणूस समजून जातो की आपलं काही खरं नाही. मला वाटलं, मोटारीपायी व्हिसा गेला.

पण बाई मोटारीबद्दल बोलेचनात. त्यांनी विचारलं, वडील असं पूर्वी कधी म्हणाले होते का? माझा जीव भांड्यात पडला. हे होय! मी म्हटलं, रोज म्हणतात. तुलाच? नाही, भावाला, आईला, गिऱ्हाइकांना, सगळ्यांना. आई काय करते मग? आई म्हणते, तोडा, तेवढंच बसून खायला मिळेल. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. आईशी तुझं बोलणं होतं का? होतं की, रोज फोन करून विचारते, मेलीस का म्हणून.

प्रत्येक उत्तर शंभर टक्के खरं होतं आणि प्रत्येक उत्तरासरशी मी नानांना आणखी खोल खड्ड्यात ढकलत होते. मला ते दिसत होतं, पण थांबता येईना. मी गरजेल तो पडेल कायचं इंग्रजी भाषांतर केलं. बाईंनी फार समजुतीने मान हलवली. मग त्यांनी विचारलं, लग्न नक्की भावाचंच आहे ना? पासपोर्ट तुझ्याकडेच असतो ना? घरी नेऊन माझंच जबरदस्तीने लग्न लावतील, अशी त्यांना शंका होती. आणि शेवटी म्हणाल्या की लगेच काही करणार नाही, पण पोलिसांचा सल्ला घ्यावा लागेल किंवा घरच्यांशी बोलावं लागेल, ते नंतर ठरवू, तुझ्या सुरक्षिततेसाठीच. एवढ्या लांब वाक्यातून मला एकच शब्द ऐकू आला, पोलीस.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. डोळे मिटले की एकच देखावा दिसायचा. देवपूरच्या दुकानात फोन वाजतो. नानांचे हात वार्निशने भरलेले, म्हणून ते कोपराने स्पीकर लावतात. आजूबाजूला मोटारी घेऊन आलेले शेतकरी. पलीकडून इंग्रजी बोलणारी बाई. नाना समोरच्या क्लासच्या सरांना हाक मारतात, जरा बघा हो काय म्हणतेय. सर ऐकतात, घसा खाकरतात आणि बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या लोकांदेखत विचारतात: ती म्हणतेय, तुम्ही पोरीचे पाय तोडणार आहात का?

मला त्या वेळी नानांच्या रागाची भीती वाटत होती असं नाही. राग मला पाठ होता. त्यांचा चेहरा पडेल, ग्राइंडर बंद करून नुसते उभे राहतील, याची भीती वाटत होती. जो माणूस पोरगी परदेशात शिकते म्हणून छाती काढून फिरतो, त्याच्याबद्दल पोरीनेच तिकडे जाऊन हे सांगितलं, असं गाव म्हणेल. तो फोन जाता कामा नये, एवढा एकच ध्यास मला लागला.

त्या घाबरलेपणात मी आणखी एक शहाणपणा केला. आईचा फोन आला. “मरी गयथी का वं?” मी दचकून खोलीच्या दाराकडे पाहिलं. होस्टेलच्या भिंती पातळ, शेजारची मुलगी आयर्लंडची, तिला आमची खान्देशी कुठून कळणार? पण भीतीला अक्कल नसते. मी आवाज खाली आणून, पुस्तकात असते तशी मराठी काढली. म्हटलं, मी अगदी ठीक आहे, आई. तुम्ही सर्व जण कसे आहात? नानांची प्रकृती उत्तम आहे ना?

मग आईने कधी नव्हे त्या कुजबुजत्या आवाजात विचारलं, “कोण शे तुन्हाजोडे?” तुझ्याजवळ कोण आहे? मी म्हटलं, कोणीही नाही, आपण काळजी करू नये. झालं. ज्या पोरीने जन्मात आईला ‘आपण’ म्हटलं नाही ती ‘आपण’ म्हणतेय, म्हणजे कोणीतरी तिच्या मानेवर सुरी ठेवून बोलायला लावतंय, अशी आईची खात्री पटली. तिने तसंच पायात चप्पल अडकवून दुकान गाठलं.

थोड्याच वेळात नानांचा फोन आला. नाना कधी स्वतःहून फोन करत नाहीत. आईच्या फोनमध्ये मागून ओरडतात, तेवढंच. मी कानाला लावला आणि डोळे मिटले. आता तंगडं येणार. ते आलं असतं तर मी रडून मोकळी झाले असते. “जेवनी का, बेटा?” नाना म्हणाले. इतक्या हळू, की मला वाटलं दुसराच कोणी बोलतोय. मी हो म्हटलं. ते म्हणाले, काही असलं तर सांग, मी रागावणार नाही. नाना हळू बोलताहेत म्हणजे घरात कोणीतरी खरंच गेलंय, असं मला वाटलं. तिकडे ती दोघंही घाबरलेली, इकडे मीही घाबरलेली, आणि सगळे एकमेकांशी गोड बोलतोय. असला भयंकर फोन मी आयुष्यात घेतला नाही.

दुसऱ्या भेटीला मी तयारी करून गेले. आमच्याकडे लोक कसं बोलतात, याचं भाषण पाठ केलं होतं. बाईंनी ते सगळं ऐकून घेतलं. मला वाटतं, त्यांना पटलंही. त्या म्हणाल्या, ठीक आहे, ते पाय तोडणार नाहीत. आता दुसरं विचारते. तुला त्यांची भीती वाटते का?

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि नाही बाहेर येईना.

म्हटलं, ती भीती नाही, तो धाक. बाई म्हणाल्या, म्हणजे? आता धाकाला इंग्रजीत काय म्हणतात? मी आदर म्हणून पाहिलं, शिस्त म्हणून पाहिलं, दोन्ही चुकीचं वाटलं. शेवटी म्हटलं, अशी भीती, जिचा त्रास होत नाही. बाईंनी माझ्या हाताकडे पाहिलं. मी नकळत डाव्या हाताने उजवं मनगट चोळत होते.

जळगावला शिकताना मी मैत्रिणीची गाडी घेऊन मेहरूणच्या तलावाकडे गेले होते आणि वळणावर वाळूवरून घसरले. मनगट टम्म सुजलं. मैत्रीण म्हणाली, दवाखान्यात चल. पण दवाखान्यात गेलं की एक्स-रे, प्लास्टर, आणि मग घरी कळणार. माझ्या डोक्यात नानांचं वाक्य असं वाजत होतं की हात मोडलाय हे बाजूलाच राहिलं, मी पायांना घाबरत होते. आम्ही एसटीने एरंडोलला गेलो. तिथून जवळच्या खेड्यात हाड बसवणारे एक बाबा होते, त्यांनी ओढून बसवलं आणि पाला बांधला. घरी सांगितलं, मुरगळलंय. ते वाकडंच जुळलं. तेव्हापासून माझ्याच्याने बरणीचं झाकण उघडत नाही आणि नट पुरता आवळला जात नाही.

बाईंना मी हे सगळं सांगितलं, आणि तो टिश्यूचा डबा शेवटी कामाला आला. त्यांनी पोलिसांचं नाव पुन्हा काढलं नाही. एकच ठरवलं: लग्नाला घरी गेल्यावर, वडिलांना भेटल्यावर, बाईंना एक ओळ पाठवायची. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ओळ आली नाही तर त्या घरी फोन करणार. मी कबूल झाले. त्यांनी मला दुसरं काहीच करायला सांगितलं नाही, पण नानांना मनगट दाखवायचं हे मी त्या खोलीतून बाहेर पडतानाच ठरवलं होतं, आणि त्या क्षणापासून विमान घराच्या दिशेने जाऊच नये असं मला वाटत राहिलं.

विमानातून उतरून रेल्वेने जळगावला पोचले, तेव्हा स्टेशनवर नाना एकटेच आले होते, दुकानाची पिकअप घेऊन. मागे कोणाची तरी मोटार बांधलेली. बॅग त्यांनीच उचलली. प्रवास कसा झाला, थंडी होती का, भूक लागली का, असं ते हळू हळू विचारत होते. आईने दम दिला असणार, पोरीवर ओरडू नका. रस्त्यातलं पाळधी गाव मागे गेलं तरी त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही. बाहेर दुपारचं ऊन रस्त्यावर आलं होतं आणि संध्याकाळ फार लांब नव्हती.

मी सोपं आधी सांगितलं. नाना, तिथल्या बाईंना वाटलं, तुम्ही माझे पाय तोडणार आहात. लॅबमधली मोटार, रडायची खोली, आईचं बसून खाणं, सगळं सांगितलं. नाना आधी ऐकत राहिले, मग असे हसायला लागले की समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याने हॉर्न दिला. म्हणाले, दोन फेजवर चालवलीस? मोटार भरणाऱ्याची पोर ना तू? त्यांचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा मोठा झाला. बरं वाटलं मला. मग मी म्हटलं, बाईंनी विचारलं, मला तुमची भीती वाटते का. नाना छाती फुगवून म्हणाले, मग? बापाचा धाक पाहिजेच.

एरंडोलचा फाटा दिसायला लागला होता. मी उजवा हात गिअरजवळ पुढे केला आणि सांगून टाकलं. गाडी, वाळू, बाबा, पाला.

नानांनी पिकअप रस्त्याच्या कडेला एका बंद टपरीपाशी घेतली आणि इंजिन बंद केलं. मग माझं मनगट हातात घेतलं आणि सावकाश फिरवायला लागले. दुकानात मोटारीचा शाफ्ट ते असाच हाताने फिरवून बघतात, कुठे अडकतोय ते. मनगट अडकलं. त्यांनी मागे घेऊन पुन्हा फिरवलं. पुन्हा तिथेच अडकलं.

“दवाखानामा काब्र नही गयी?” दवाखान्यात का नाही गेलीस?

“गेले असते तर तुम्हाला कळलं असतं, नाना.”

त्यांनी तोंड उघडलं. मला ते वाक्य त्यांच्या ओठांवर आलेलं दिसलं, मी सवयीने अंग चोरलंसुद्धा, आणि त्यांनी माझं अंग चोरणं पाहिलं. वाक्य आलं नाही. माझा हात सोडायचं त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं, मनगट अडकतं तिथे ते अंगठ्याने चोळत राहिले. देवपुरात ज्यांच्या आवाजाने गल्ली गप्प होते त्या माणसाला तोंडातलं वाक्य गिळताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि इंग्लंडात घाबरले होते त्याहून जास्त घाबरले.

मग मला बाईंची आठवण झाली. डाव्या हाताने फोन काढून मी म्हटलं, त्यांना एक ओळ पाठवायची आहे, नाहीतर त्या घरी फोन करतील. काय लिहिणार, असं नानांनी विचारलं. म्हटलं, वडील भेटले, मी सुखरूप आहे.

ते समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिले.

“तिले सांग,” नाना म्हणाले, “बापले बी भेव वाटस.”

बापालाही भीती वाटते. हे मात्र मला इंग्रजीत जसंच्या तसं करता आलं. मी ते लिहिलं आणि पाठवून दिलं.

तेवढ्यात नानांच्या खिशातला फोन वाजला. आई होती. त्यांनी स्पीकर लावला आणि ती आमच्या दोघांवर एकदमच ओरडली, “मरी गयात का दोन्ही?”

“जित्ता शेतस,” नाना म्हणाले. जिवंत आहोत. मग माझा हात माझ्या मांडीवर परत ठेवून त्यांनी किल्ली फिरवली. “येतस.”